अंबत्तूरची अक्षत

हे प्रकरण मी आजवर तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा भलतीकडेच गेलो. एकदा आमच्या मद्रासमधल्या नुंगंबाक्कमच्या घराबद्दल लिहीत सुटलो, एकदा अप्पांच्या जॉर्ज टाउनमधल्या कचेरीबद्दल, आणि तिसऱ्या वेळी तर अम्माच्या हातच्या डांगर पचडीवर चार पानं भरली. घरच्यांना ती पानं फार आवडली. मी काय टाळतो आहे हे मात्र मला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळानं माझा सत्कार केला, तेव्हा सायलीनं माझ्या हातात माइक दिला. सायली नाशिकची. अंबत्तूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि माझ्या लिखाणातलं तंजावरी मराठी तपासून देते. "काका, तुम्हाला तुमच्या आयुष्याचं काम कसं सापडलं तेवढंच सांगा," ती म्हणाली, "आणि तमिळमध्ये शिरू नका हं, आमच्या पोरांना 'सरी, सरी' म्हणत मान डोलावण्यापुढे काही येत नाही." मग मी नेहमीची गोष्ट सांगितली. आपल्यातल्या एका घरी मृत्यू झाला, खांदा द्यायला आपलं कोणी नव्हतं, मी एकटा गेलो, आणि त्या दिवसापासून आपल्या माणसांच्या दारी जायचं हेच माझं काम झालं. टाळ्या झाल्या. सायलीनं डोळे पुसले. त्या गोष्टीत एक शब्द खोटा नाही. फक्त ती मधून सुरू होते.

तिची सुरुवात नुंगंबाक्कमच्या त्या घरातच आहे. घर म्हणजे एका मोठ्या घराच्या मागच्या अंगाचा 'पोर्शन': दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक विहीर. पहाटे सगळ्यात आधी विहिरीच्या रहाटाची करकर ऐकू यायची, मग अम्मा कॉफीच्या फिल्टरवर चमचा आपटायची, मग अप्पांचं पोथीवाचन. अप्पांचं नाव नारायणराव. ते एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून होते आणि अक्षराइतकंच माणसानंही सरळ असावं असं त्यांचं मत होतं. आमच्या घराण्याला तंजावर सोडून दोन पिढ्या झाल्या होत्या, तरी घरात बोलणं तिथलंच. ते मी इथे तसंच ठेवलं आहे, सायलीला हात लावू दिलेला नाही. "ऊठ रे रघू, दूधवाला येवोन गेला, कुंभकर्ण अजून निजलाच आहे," असं अम्मा म्हणायची आणि मी कूस बदलायचो. मला उठण्यासारखं काही नव्हतं. बी.ए.ला दोन विषयांत नापास झालो होतो. अप्पा त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. जेवताना ताटात डांगर पचडी वाढून घ्यायचे, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी, आणि माझ्याकडे न बघता सावकाश जेवायचे. त्या न बघण्यानं मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

अशात शांताक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं. आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. छापील पत्रिका बाहेरच्यांना, पोस्टानं. आपल्या माणसांना मात्र घरी जाऊन हातावर अक्षत द्यायची, हळदीचे पिवळे तांदूळ, आणि "सहकुटुंब यावें" असं तोंडानं म्हणायचं. अक्षत हातावर पडली नाही तर सख्खा भाऊही मांडवात पाय ठेवत नाही. आणि का पडली नाही असं विचारायलाही जात नाही, कारण विचारणं म्हणजे मागणं. अख्ख्या मद्रासमध्ये आपली अशी सदतीस घरं होती. त्यांची यादी अम्माच्या वहीत होती, आणि आमचं घर वयानं मोठं म्हणून बाकीचे लोक त्यांच्या कार्याला तीच यादी उतरवून नेत. अप्पांचा गुडघा धरलेला असायचा. जवळची घरं अप्पा-अम्मांनी जोडीनं केली, लांबची माझ्या वाट्याला आली. सगळ्यांत लांबचं अंबत्तूर.

अंबत्तूरला सेतुमामा राहायचे. सेतुराव, आमच्या रक्ताचे कोणी नव्हेत, पण सगळा समाज त्यांना मामाच म्हणायचा. आपले लोक रेल्वेत, बँकेत, पोस्टात, पंख्याखाली बसणारे. कारखान्यात लेथवर उभं राहून काम करणारा त्यांच्यात पहिला माणूस सेतुमामा. मागून लोक बोलायचे, "नखांत ग्रीस घेवोन मंगलाष्टकें म्हणतो." पण म्हणायला त्यांनाच बोलवायचे, कारण तो आवाज दुसऱ्या कोणाला नव्हता. ते गायला लागले की नादस्वरमवाले वाद्य मांडीवर ठेवून ऐकत बसायचे. मी नापास झालो तेव्हा घरी येऊन माझ्या पाठीत थाप मारणारे तेच एकटे. "कागद कापून झाला, आतां लोखंड कापून बघ," म्हणाले. फोरमनशी बोलून त्यांनी माझ्यासाठी शिकाऊ कामगाराची जागा धरून ठेवली होती. विचार करून सांगतो, असं मी म्हणालो होतो. दोन महिने झाले होते, सांगितलं नव्हतं. हो म्हणायची लाज वाटत होती आणि नाही म्हणायची भीती. अक्षत द्यायला गेलो की पहिला प्रश्न तोच येणार, हे मला घरातून निघतानाच माहीत होतं.

त्या रविवारी अम्मानं अक्षतेची पुडी बांधून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. "कावेरीला सांग," कावेरी म्हणजे मामांची बायको, "आदले दिवशींच येवोन राहा म्हणून. डांगर तिनेंच कालवावें." अप्पा आरामखुर्चीतून म्हणाले, "सेतूच्या पायां पड. सांग, मंगलाष्टकें तुम्हीच म्हणायचीं, दुसरा कोणी नाहीं." मी पार्क स्टेशनला उतरलो, रस्ता ओलांडून सेंट्रलला गेलो, अंबत्तूरवरून जाणाऱ्या अरक्कोणमच्या गाडीचं तिकीट काढलं आणि बाकावर बसलो. गाडी आली. पुढचीनं जाऊ म्हटलं. पुढची आली, तिलाही जाऊ दिलं. तिसरी गेल्यावर उठून घरी आलो. उद्या नक्की जायचं, असं ठरवून आलो होतो. त्या वयात 'उद्या' ही मला एखादी खोली वाटायची, आत जाऊन दार लावून घेता येईल अशी.

दारातच अप्पांनी विचारलं, "दिलीस?"

"दिली."

"काय म्हणाले?"

याची मी तयारी केली नव्हती. "येतो म्हणाले. आवाज जरा बसला आहे, पण तोंवर होईल बरा म्हणाले."

अप्पा हसले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "सेतूचा आवाज बसला म्हणजे समुद्र आटला म्हणायचा!" अम्मानं ते ऐकलं आणि संध्याकाळी सुंठ-मिऱ्याची पूड कुटून बाटलीत भरली, सेतुमामा आले की मधातून द्यायला. ती बाटली फडताळात समोरच होती. पाणी प्यायला गेलं की दिसायची.

लग्नाला अकरा दिवस होते. ते मी कसे काढले हे आज या वयातही नीट आठवतं, काल काय जेवलो ते आठवत नाही. दोनदा सेंट्रलपर्यंत जाऊन परत आलो. जितका उशीर होत गेला तितकं जाणं अवघड होत गेलं, कारण उशिरा दिलेली अक्षत हाही अपमानच, आणि उशीर का झाला हे सांगावं लागणार. फाटकाची कडी वाजली की वाटे, सेतुमामाच आले. मग आठवे, ते येणार नाहीत, अक्षतेशिवाय ते कधीच येणार नाहीत, आणि ते तर आणखीच वाईट. पुडी खिशात ठेवून ठेवून सदऱ्याला हळदीचा डाग पडला. तो अम्मानं बघू नये म्हणून सदरा मी स्वतः धुतला, तर अम्मा म्हणाली, "बघा हो, बहिणीचें लग्न म्हणतांच पोराला शहाणपण आलें." शेवटी गल्लीच्या टोकाला पिंपळाखाली नागाचे दगड होते, बायका त्यांना रोज हळद-कुंकू वाहायच्या, तिथे जाऊन मी पुडी उलटी केली. तिथे आधीच इतकं पिवळं होतं की माझे तांदूळ वेगळे दिसलेसुद्धा नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी कल्याणमंडपात सगळी आपली माणसं जमली. अम्मा दर अर्ध्या तासानं विचारत होती, "कावेरी कां आली नाहीं रे?" मी म्हणालो, "उद्यां सकाळीं येतील." इतक्या सहज म्हणालो की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

सकाळी मुहूर्त. केळीचे खांब, नादस्वरम, तव्यावरच्या पोळ्यांचा तुपाचा वास. मी दारात पन्नीरची झारी घेऊन येणाऱ्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडत होतो आणि माझं लक्ष इतकं दुसरीकडे होतं की एका बाईच्या डोळ्यांत पाणी गेलं. शेजारी अप्पा दुखऱ्या गुडघ्यावर उभे, नजर रस्त्यावर. आत पुरोहितांनी अंतरपाट धरायला सांगितलं. वरपक्षाकडचे एक काका येऊन म्हणाले, "काय नारायणराव, तुमचे गवई कोठें? कारखान्याला सुट्टी मिळाली नाहीं वाटतें!" दोघं-चौघं हसले. अप्पा म्हणाले, "माझ्या मुलाच्या हातून अक्षत घेतली आहे त्यांनीं. येतील." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुडघा दुखत होता म्हणून त्यांनी सगळा भार त्या हातावर टाकला होता. मी तेव्हा सांगू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. सगळ्यांसमोर माझी अब्रू गेली असती, आणि सेतुमामांची राहिली असती. मी झारी हलवत राहिलो.

"राव, मुहूर्त थांबत नाहीं," पुरोहितांनी आतून हाक दिली. मंगलाष्टकं शेवटी वरपक्षातल्याच कोणीतरी कागदावर बघून म्हटली. म्हणताना एक ओळ गाळली. अंतरपाटाआडून शांताक्कानं एकदा मान वळवून दाराकडे पाहिलं. लहानपणी ती सेतुमामांच्या खांद्यावर बसून मरीना बीचवर फिरली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर अप्पांनी अंगवस्त्राची घडी घातली, आणि ती पुन्हा मोडून पुन्हा घातली. "त्या घरचा विषय संपला," म्हणाले. एवढंच. अम्मानं वही काढून अंबत्तूरच्या नावावर काट मारली. आणि यादी आमच्याच घरून जायची ना, त्यामुळे पुढच्या बारशाला, मुंजीला, लग्नाला कोणाच्याच घरून अंबत्तूरला अक्षत गेली नाही. कोणी ठरवून केलं नाही. जो तो समोरची यादी उतरवत गेला. सेतुमामा मानी माणूस, ते का म्हणून विचारतील? अप्पाही तसेच. दोघांनाही दुसऱ्यानं आपला अपमान केला असं वाटत होतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

दुसऱ्या वर्षी सेतुमामांची आई गेली. विल्लिवाक्कमला राहणाऱ्या आपल्यातल्या एका रेल्वेवाल्यानं सकाळी निरोप आणला. अप्पांनी वर्तमानपत्रातून डोकं वर केलं नाही, "कळलें" म्हणाले. अम्मा त्यांच्याकडे बघत राहिली. मी लायब्ररीत जातो म्हणून बाहेर पडलो, आणि या वेळी पहिल्याच गाडीत चढलो.

अंगणात लेथवरची माणसं होती. कोणी तमिळ, कोणी तेलुगू, एक मल्याळी. त्यांनी त्यांच्या रीतीनं तिरडी बांधली होती आणि तुमच्यात कसं करतात म्हणून ते मामांना अदबीनं विचारत होते. मामा ओल्या धोतरानं उभे होते आणि सारखे फाटकाकडे बघत होते. मी आत आलो तसं त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तूं तरी आलास, रघू," ते म्हणाले.

काहीच विचारलं नाही. अक्षतेचं नाही, लग्नाचं नाही, शिकाऊ जागेचंही नाही. मी पुढचा डावा खांदा घेतला. वाटेत त्यांच्या फोरमननं तमिळमध्ये मला हळूच विचारलं, "तम्बी, तुमची माणसं कुठे आहेत?" मी म्हणालो, "येतायत."

आपली माणसं आली नाहीत, म्हणून मी जायला लागलो. सत्काराच्या दिवशी सांगितली ती गोष्ट इथून सुरू होते. मी पुन्हा परीक्षेला बसलो, पास झालो, बँकेत लागलो. पण सकाळी कचेरीच्या आधी आणि दर रविवारी मी आपल्या माणसांच्या दारी असायचो. दवाखान्यात कोण आहे, म्हातारं माणूस कुठे एकटं आहे, कोणाच्या कार्याची अक्षत कुठे पोचायची राहिली आहे. अक्षत द्यायचं काम तर सगळी घरं माझ्यावरच टाकू लागली. अम्माच्या यादीत अंबत्तूरचं नाव मी स्वतः परत लिहिलं, अप्पांनी ते पाहिलं आणि पान उलटलं. पुढे कार ‍कंपन्या आल्या, कॉम्प्युटरवाले आले, महाराष्ट्रातून सायलीसारखी पोरं आली. त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटची बेलही मीच पहिल्यांदा वाजवली. "काका, तुम्ही कुठल्या सोसायटीचे?" असं ती विचारायची. लोक याला सेवा म्हणतात. सुरुवातीला ती सेवा नव्हती. एखाद्या चोरानं आळीत गस्त घालावी, तसा मी फिरत होतो. पण खरं लिहायचं तर हेही लिहायला हवं की फिरता फिरता मला ते आवडू लागलं. पस्तिशीच्या आसपास एके दिवशी एका आजारी बाईंना पेज भरवताना लक्षात आलं, मी याच्यासाठीच आहे. आणि त्याच दिवसापासून भीती दुप्पट झाली. तोवर माझ्यापाशी गमावण्यासारखं काही नव्हतं, आता होतं.

अप्पांच्या शेवटच्या आजारात त्यांनी एकदा डोळे न उघडता विचारलं, "सेतू बरा आहे का?" मी "आहे" म्हणालो. पुढचं वाक्य जिभेवर होतं. नर्स औषध घेऊन आली.

सेतुमामांकडे मी दर महिन्याला जात राहिलो. कावेरीमामी गेल्या, मामा नव्वदीला आले, तेव्हाही. गेल्या वर्षी एका दुपारी त्यांच्या लेकीनं कॉफी आणून ठेवली. मामा डबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीत, कॉफी निववता निववता म्हणाले, "रघू, एक विचारूं? शांतेच्या लग्नाला तुझ्या अप्पांनीं अक्षत कां पाठवली नाहीं? माझें काय चुकलें होतें?"

पन्नास वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर तयार होतं. आणि मी म्हणालो, "अप्पा विसरले असतील, मामा. गडबड होती."

त्यांनी डबरा खाली ठेवला. "नारायणराव विसरणारा माणूस नव्हता," म्हणाले. मग डबरा पुन्हा उचलून, "पण असेल. माणूसच तो. कावेरी दहा दिवस रोज रेशमाची पट्टुसाडी वाऱ्यावर घालायची, आज कोणी येईल म्हणून. तिला मी म्हणालों, आपण कारखान्यांतली माणसें, त्यांना लाज वाटली असेल." ते हसले. डोळे भरून आले होते, पण चेहरा सैल झाला होता. "विसरला म्हणजे राग कसला? उगीच इतकीं वर्षें धरोन बसलों. वर भेटला कीं सांगतों त्याला, मोठा हिशेबी म्हणवायचास आणि मलाच विसरलास होय रे?"

म्हणजे मी त्यांचं ओझं उतरवलं, आणि ते मेलेल्या बापाच्या डोक्यावर ठेवलं. जन्मात एक तारीख न चुकलेला माणूस माझ्या तोंडून विसराळू ठरला. पुढच्या महिन्यात सांगेन, असं ठरवून मी निघालो. तिसऱ्या आठवड्यात मामांच्या लेकीचा फोन आला.

या वेळी सगळे आले. तंजावरी म्हातारे आले, महाराष्ट्रातली पोरं सुट्टी काढून आली, फाटकाबाहेर चपलांना जागा उरली नाही. खांद्यासाठी पाळ्या लावाव्या लागल्या. सायलीनं मला धरून खुर्चीवर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, हे सगळं तुमच्यामुळे." मी मान खाली घातली. तिला ते नम्रपणाचं वाटलं असणार.

विल्लिवाक्कम सुटलं की कोरट्टूर, मग पट्टरवाक्कम, मग अंबत्तूर. या तीन स्टेशनांमध्ये मी ती वाक्यं दर महिन्याला मनात म्हणत असे, आणि फाटकाशी पोचेतो ती घशात परत जात. आता ऐकणारं कोणी नाही. अप्पा नाहीत, मामा नाहीत, मामी नाहीत. तरी ती जशी होती तशी लिहून ठेवतो.

मामा, तुमचें कांहीं चुकलें नव्हतें. अप्पा विसरले नव्हते, त्यांना कोणाची लाजही वाटली नव्हती. अक्षत आमच्या घरून निघाली होती. मी पोंचवली नाहीं. मला क्षमा करा.